सभागृहाच्या व्यवस्थापन समितीला खुलं पत्र: गुरुवारची खोली बंद करू नका

समितीतल्या सर्व सदस्यांना नमस्कार.

तुमच्या सभागृहाच्या मागच्या बाजूला, जिन्याला लागून जी लहान खोली आहे, तिथे दर गुरुवारी संध्याकाळी ७ ते ८.३० आमची मीटिंग असते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे सगळे एए म्हणतात ती, दारू सोडू पाहणारे लोक एकत्र बसून एकमेकांना आधार देतात ती. नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात तुमचं पत्र आलं की पुढच्या १ तारखेपासून खोली मिळणार नाही, आणि ती तारीख यायच्या आधीच एका गुरुवारी आम्ही पोचलो तर कुलूप बदललेलं होतं. त्यानंतर मी दोनदा ऑफिसात येऊन गेले, दोन्ही वेळा "समितीचा निर्णय झालाय" याच्यापलीकडे कुणी बोललं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

हे पत्र ग्रुपच्या वतीने नाही हे आधीच सांगते. एएच्या बारा परंपरा आहेत, म्हणजे ग्रुपने कसं चालायचं याची तत्त्वं, त्यात असं ठरलेलं आहे की बाहेरच्या वादात एएचं नाव ओढायचं नाही, आणि जाहीर ठिकाणी सदस्याने आपलं नाव सांगायचं नाही. त्यामुळे मी फक्त माझ्यापुरतं बोलतेय आणि खाली नाव नाहीये. तुम्ही मला चेहऱ्याने ओळखता, चावी घ्यायला बहुतेक वेळा मीच येते.

मी अल्कोहोलिक आहे. चार वर्षं आणि काही महिने झाले, मी प्यायले नाहीये.

तुम्हाला खोली म्हणजे एक तास-दीड तासाचं बुकिंग वाटत असेल, आणि त्यात तुमची चूक नाही, बाहेरून तसंच दिसतं. पण मला बंद कुलपाबद्दल थोडं सांगायचंय, कारण मी एएमध्ये पहिल्यांदा आले ती तुमच्याकडे नाही आले. त्याच्या आठ महिने आधी एका दुसऱ्याच ठिकाणी गेले होते. एका दवाखान्यातून मला एक झेरॉक्स कागद मिळालेला, त्यावर मीटिंगचा पत्ता, वार आणि वेळ होती. तो कागद तीन आठवडे माझ्या पर्समध्ये होता. रोज काढून बघायचे, परत घडी घालून ठेवायचे. शेवटी एक दिवस ठरवलं, सकाळपासून घेतली नव्हती, त्यामुळे हात इतके थरथरत होते की रिक्षातून उतरल्यावर सुटे पैसे मोजता येईनात. गेटला साखळी होती आणि साखळीला कुलूप. आत अंधार. मी कागदावरचा पत्ता परत वाचला, पाटी परत वाचली, बरोबर होतं सगळं. वीस मिनिटं उभी होते. मग मला असं वाटायला लागलं की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मला बघतोय आणि मी इथे कशाला आलेय हे त्याला कळतंय. मी परत फिरले आणि घरी जाईपर्यंत बाटली घेतलेली होती.

पुढचे आठ महिने मी प्यायले. त्यात नोकरी गेली, माझी मुलगी माझ्याशी बोलायची थांबली, आणि एकदा विड्रॉवलमध्ये, म्हणजे दारू एकदम थांबल्यावर शरीराला जो त्रास होतो त्यात, फिट येऊन मी बाथरूममध्ये पडले. मी त्या कुलपाला दोष देत नाहीये, दारू मी प्यायले, कुलपाने पाजली नाही. पण नंतर त्या ग्रुपमधल्या लोकांशी ओळख झाली तेव्हा कळलं की त्यांना ती जागा दोन महिन्यांपूर्वीच सोडायला लावली होती, आणि नवा पत्ता लिहिलेला साधा कागद गेटवर चिकटवायची परवानगी मागितली तर तीही दिली नव्हती. नवी जागा तिथून चालत सात मिनिटांवर होती, आणि मी उभी होते त्याच वेळी तिथे मीटिंग चालू होती.

हे वाचून तुम्ही म्हणाल की एवढीच गरज होती तर फोन करायचा, परत जायचं, दुसरी मीटिंग शोधायची. आज मी कुणालाही हेच सांगते की जाण्याआधी हेल्पलाइनला फोन करून वेळ आणि जागा पक्की करून घ्या, यादी जुनी असू शकते. पण पिणाऱ्या माणसाची मदत घ्यायची तयारी फार थोडा वेळ टिकते. ती सकाळी असते आणि संध्याकाळपर्यंत जाते. त्याच्या डोक्यात न जाण्याची शंभर कारणं आधीच तयार असतात, त्याला फक्त एकशे एकावं मिळायचा अवकाश.

एएची सुरुवातच कशी झाली ते सांगते, कारण ती या मुद्द्याला अगदी धरून आहे. १९३५ चा मे महिना, अमेरिकेत ओहायो राज्यातलं अॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस तिथे कामासाठी आलेला, काम फिसकटलेलं, दारू सोडून पाचच महिने झालेले, आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता. त्याला कळलं की आता आपण पिणार. तो बारमध्ये गेला नाही, लॉबीत चर्चची यादी लावलेली होती तिथून नंबर घेऊन फोन लावत बसला, मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय म्हणून. फोन करत करत शेवटी एका बाईने त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी घालून दिली. डॉ. बॉबने पंधराच मिनिटं द्यायची ठरवली होती, दोघं सहा तासांच्या वर बोलत बसले. त्याच वर्षी १० जूनला डॉ. बॉब शेवटचं प्यायले, आणि एएचा स्थापना दिवस तोच धरतात. आज जगात सुमारे १८० देशांत हे पसरलंय. त्या दिवशी एकानेही फोन उचलला नसता तर, हा विचार मी पुष्कळदा करते.

आता तुमच्या निर्णयाबद्दल.

तुमच्या पत्रात पहिलं कारण लिहिलंय की "परिसरातील रहिवाशांच्या तक्रारी आहेत, मद्यपी लोक जमतात." मंडळी, तिथे जमणारे लोक न पिण्यासाठी जमतात. नऊ वर्षांत भांडण झालं, काही मोडलं, कुणाला त्रास झाला अशी एकतरी नोंद तुमच्या वॉचमनच्या वहीत असेल तर दाखवा, मी स्वतः येऊन माफी मागेन. कधीतरी एखादा माणूस पिऊन येतो, हे खरंय. त्याला आम्ही हाकलत नाही, बसू देतो, फक्त त्या दिवशी बोलू नको, ऐक म्हणतो, आणि मीटिंग संपल्यावर दोघं जण त्याला घरापर्यंत सोडतात. ते करायला आम्हीच असतो, तुमच्या माणसाला त्यासाठी कधी उठावं लागलेलं नाही.

दुसरं कारण, जे मला सगळ्यात जास्त लागलं, ते म्हणजे नावांचं रजिस्टर. तुम्ही सांगितलंत की येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, फोन नंबर लिहून ऑफिसात द्या, नाहीतर खोली नाही. तुमच्या बाजूने हा नियम इतर कार्यक्रमांना लावता तसाच लावला असेल. पण नावातच अनॉनिमस, म्हणजे निनावी, आहे त्याला कारण आहे. एएमध्ये सदस्य होण्यासाठी एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. फॉर्म नाही, फी नाही, हजेरी नाही. आमच्याकडेच सदस्यांची यादी नाही तर तुम्हाला कुठून देणार? खोलीत माणूस फक्त पहिलं नाव सांगतो, आणि तेही त्याला वाटलं तर. तिथे शिक्षक येतात, ड्रायव्हर येतात, एक डॉक्टर येतात, विशीतली पोरं येतात, माझ्यासारख्या बायका येतात. बाई पिते हे कळलं की काय काय बोललं जातं ते मी वेगळं सांगायला नको. दारात रजिस्टर ठेवलं तर त्यातले निम्मे लोक पायरी चढणार नाहीत, आणि नवीन तर कुणीच नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तुम्ही मेन गेटवर लावलेली नोटीस. जाड अक्षरात, "मद्यपींच्या सभेस या वास्तूत परवानगी नाही." पत्र ग्रुपला दिलं होतं ना, मग हे गेटवर कुणासाठी? त्याच गेटमधून आत येणाऱ्या आमच्या लोकांना शेजारपाजारचे सगळे बघतात. आणि जो पहिल्यांदा येणार आहे, जो घरून निघताना चार वेळा माघारी फिरलाय, त्याने काय वाचायचं? त्याला त्यातून एवढंच कळणार की त्याच्यासारख्याला इथे जागा नाही.

कुलूप बदललं त्या गुरुवारी आम्ही अकरा जण होतो. मीटिंग आम्ही घेतली, जिन्यापाशी उभ्यानेच, हळू आवाजात, कारण वरच्या हॉलमध्ये काहीतरी कार्यक्रम चालू होता. साधारण सव्वासातला रस्त्याच्या पलीकडे एक माणूस उभा दिसला. पाठीला बॅग, हातात मोबाइल, सारखा स्क्रीनकडे बघायचा आणि मग तुमच्या पाटीकडे. नोटीस वाचताना मी त्याला बघितलं. मी रस्ता ओलांडून जाईपर्यंत तो कोपऱ्यावरून वळून गेला होता, मी पळत कोपऱ्यापर्यंत गेले, नाही सापडला. कदाचित तो कुणा मित्राची वाट बघत असेल. पण मी असं उभं राहिलेय, मला ते उभं राहणं ओळखता येतं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमच्यातल्या एका सदस्यांनी ऑफिसात मला म्हटलं, "अहो, अशांसाठी हॉस्पिटलं आहेत, सेंटर आहेत." आहेत, आणि हवीतच. रोज भरपूर पिणाऱ्याने तर एकदम स्वतःच्या मनाने बंद करूच नये, डॉक्टरांना विचारून करावं, कारण शेवटच्या पेगनंतर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवसुद्धा जाऊ शकतो. मीसुद्धा दहा दिवस ॲडमिट होते, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण हॉस्पिटल अंगातली दारू उतरवतं, अकराव्या दिवशी संध्याकाळचे सात वाजतात त्याचं काय करायचं ते तिथे शिकायला वेळच मिळत नाही. माझी सवयीची वेळ तीच होती, सात. ती वेळ मला कुठेतरी बसून काढायची होती, अशा लोकांमध्ये की ज्यांना समजावून सांगावं लागत नाही. आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने सगळा पुरावा तपासून एक आढावा काढला, २७ अभ्यास आणि १०,५६५ लोक, त्यात निघालं की माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. म्हणजे डॉक्टर पेशंटला मीटिंगचा पत्ता देतात ते उगाच नाही. आणि तुमच्या सभागृहाचा पत्ता आज कितीतरी दवाखान्यांच्या ड्रॉवरमधल्या कागदावर आहे.

ऑनलाइन घ्या, असंही सुचवलंत. घेतो की. जे अंथरुणाला खिळलेत, ज्यांच्या घराजवळ मीटिंग नाही, रात्री दोन वाजता ज्यांना तलफ येते त्यांच्यासाठी ऑनलाइन मीटिंग म्हणजे खरोखर आधार आहे. पण कॅमेरा बंद करून हातात ग्लास घेऊन मीटिंग ऐकणारी मीच होते, सुरुवातीला दोन वेळा. खोलीत ते जमत नाही. खोलीत शेजारी बसलेल्याला वास येतो, हाताची थरथर दिसते, आणि मीटिंग संपल्यावर कुणीतरी दारापर्यंत येऊन विचारतं की उद्या सकाळी फोन करशील का.

तुमच्या त्या खोलीतला माझा पहिला दिवस. मागच्या रांगेत एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे, तिचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी लावलेली असते. मी दारातच थबकले तर एक वयस्कर काका उठले, ती खुर्ची उचलून दाराला अगदी लागून ठेवली आणि म्हणाले, "इथे बस बाळा. मधेच उठून जावंसं वाटलं तर कुणाला ओलांडावं लागणार नाही." कुणी माझं नाव विचारलं नाही. एकेक जण बोलत होता, मधे कुणी कुणाला तोडत नव्हतं, सल्ला देत नव्हतं, आणि एका बाईने सांगितलं की ती बाटली मुलांच्या कपड्यांच्या कप्प्यात लपवायची. मीपण तिथेच लपवायचे. मला वाटत होतं जगात असं करणारी मी एकटीच आहे. मी उठून गेले नाही. तेव्हापासून ती खुर्ची दर गुरुवारी मीच दारापाशी ठेवते, नवीन येणाऱ्यासाठी.

भाड्याचा प्रश्न असेल असं मला वाटत नाही, कारण ते एकदाही थकलेलं नाही. तुमच्या आधीच्या समितीने मध्ये भाडं माफ करायची तयारी दाखवली होती, तेव्हा ग्रुपने नम्रपणे नाही म्हटलं, कारण सातवी परंपरा सांगते की ग्रुपने आपला खर्च आपणच भागवायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो, त्यातून तुमचं भाडं जातं. खोलीची वेळ किंवा वार बदलायचा असता तर आम्ही बसून बोललो असतो. पण बोलायलाच कुणी बोलावलं नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

गेटवरची नोटीस आज काढा, याला समितीची बैठक लागत नाही. खोली कायम ठेवा ही माझी पहिली विनंती, आणि तेही शक्य नसेल तर किमान तीन महिने द्या. पंधरा-वीस दिवसांत जागा मिळत नाही असं नाही, पण पत्ता बदलला की तो याद्यांमध्ये, हेल्पलाइनवर, दवाखान्यांत, सगळीकडे बदलावा लागतो, आणि मधल्या काळात जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला शोधून काढायची कुठलीही सोय नसते. रजिस्टरची अट काढा. त्याच्या बदल्यात ग्रुपच्या दोन जणांचे फोन नंबर तुमच्या ऑफिसात असावेत असं मी सुचवेन, खोलीची, चावीची, दिव्या-पंख्यांची जबाबदारी त्यांची, याला ग्रुप तयार होईल असं मला वाटतं, निर्णय अर्थात ग्रुपचा. आणि समजा आम्हाला जावंच लागलं, तर पुढचे सहा महिने गेटच्या आतल्या बाजूला एक वहीच्या पानाएवढा कागद लावू द्या. त्यावर दारूचा उल्लेखही नको. "गुरुवार ७ ची मीटिंग आता या पत्त्यावर", खाली पत्ता आणि एक फोन नंबर, बस. ज्याला कळायचं त्याला कळतं.

आणखी एक, ही मागणी नाही, आमंत्रण आहे. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आमची ओपन मीटिंग असते. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्याला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठी, पण ओपनला कुणीही येऊ शकतं, घरचे, डॉक्टर, शेजारी, तक्रार करणारे रहिवासीसुद्धा. तुमच्यातले दोघं तरी या. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. फक्त तिथे जे ऐकाल, ज्याला बघाल, ते बाहेर सांगायचं नाही. निर्णय त्यानंतर घ्या.

हे पत्र समितीच्या बाहेरचेही वाचतील, आणि त्यात असं कुणीतरी असेल की ज्याच्या खिशात घडी घातलेला कागद आहे. तुला सांगते, फोन करून पक्कं करून घे आणि दहा मिनिटं आधी पोच. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर ओपन मीटिंगला कुणाला तरी सोबत घेऊन जा. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते, "मी आज ऐकतो" एवढं पुरतं. एक ग्रुप नाही आवडला तर दुसरा बघ, प्रत्येक खोलीतली माणसं वेगळी असतात. प्रार्थना, ईश्वर हे शब्द अडत असतील तर स्मार्ट रिकव्हरीसारखे वेगळ्या पद्धतीने चालणारे गटही आहेत, आणि घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन आहे, तू गेला नाहीस तरी ते जाऊ शकतात. आणि कुलूप दिसलं तर ते तुझ्यासाठी लावलंय असं समजू नकोस, तिथेच उभं राहून पुढचा फोन लाव.

समितीला एवढंच की मला लेखी उत्तर हवंय, होकार असो की नकार, कारणांसकट. ते मिळेपर्यंत आणि त्यानंतरही, खोली उघडी असो वा बंद, दर गुरुवारी साडेसहापासून आठपर्यंत मी तुमच्या गेटबाहेर उभी राहणार आहे. घोषणा नाही, बोर्ड नाही. रस्त्यापलीकडे कुणी मोबाइलकडे बघत उभं दिसलं तर त्याला मीटिंग कुठे आहे ते सांगायला.

तुमची,
गुरुवारच्या मीटिंगला येणारी एक बाई